बांगडी भरतात तसं

(पनवेल येथील महिला मेळाव्यात एका गॅरेजचालक मैत्रिणीने केलेले भाषण. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)

मैत्रिणींनो,

मला भाषणाची सवय नाही. गाडीखाली आडवं पडून बोलायची सवय आहे, आणि तिथे समोर माणसं नसतात, तेलाने माखलेला चेंबर असतो. तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

‘स्त्रिया आणि तंत्रज्ञान’ या विषयावर बोला असं मला सांगितलं होतं. एवढा मोठा विषय मला झेपायचा नाही. मी एकाच कामाबद्दल बोलणार आहे. गाडीचं इंजिन उतरवून दुरुस्त केलं, की ते परत बसवताना इंजिन आणि गिअरबॉक्स एकमेकांना जोडावे लागतात. ते काम कसं करतात, आणि ते करताना मला काय काय कळलं, एवढंच सांगते. १९८६ साली, सतरा वर्षांची असताना, मी वडिलांच्या गॅरेजमध्ये पहिला पाना हातात धरला. तेव्हापासून हे काम करते आहे.

एक गोल थाळी मी हातोहात फिरवायला दिली आहे. हात काळे होतील, पण बघा. तिला क्लच प्लेट म्हणतात. मधल्या भोकाला आतून दाते आहेत, बोट फिरवा म्हणजे लागतील. इंजिनाच्या मागच्या टोकाला एक जड चाक असतं, फ्लायव्हील. त्यावर ही थाळी बसते, आणि तिच्यावर स्प्रिंगांची दाबपट्टी, म्हणजे प्रेशर प्लेट. जात्याच्या दोन तळ्यांमध्ये दाणा सापडावा तशी ही थाळी दोघांमध्ये सापडलेली असते. ड्रायव्हर पायाने क्लच दाबतो तेव्हा वरची तळी जराशी उचलली जाते आणि थाळी मोकळी होते. तेवढ्या वेळात गिअर बदलायचा.

आता गिअरबॉक्सकडून एक शाफ्ट बाहेर आलेला असतो. त्याच्यावरही दाते असतात. तो या थाळीच्या दात्यांतून आरपार जायला हवा. पलीकडे, पद्मिनीसारख्या गाडीत, इंजिनाच्या क्रँकच्या टोकाशी एक लहानसं बुश असतं, त्यात शाफ्टचं नाक बसायला हवं. म्हणजे एकामागे एक दोन भोकं, दोन्ही एका रेषेत, आणि हे सगळं आंधळ्याने. कारण गिअरबॉक्सचं घंटेच्या आकाराचं झाकण, बेल हाउसिंग, जवळ आलं की आतलं काही दिसत नाही. फक्त हाताला लागतं.

प्रेशर प्लेटचे बोल्ट सैल असेपर्यंत ही थाळी इकडेतिकडे सरकते. बोल्ट कसले की जिथे असेल तिथे गच्च. ती मध्यावर नसताना गच्च झाली, तर पुढे पहिलवान आणलात तरी शाफ्टचं नाक बुशात जाणार नाही. म्हणून बोल्ट कसण्याआधी एखादा जुना शाफ्ट थाळीतून बुशापर्यंत घालून ठेवायचा, म्हणजे थाळी आपोआप मध्यावर येते. मग समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे कसत जायचं आणि शेवटी तो शाफ्ट काढून घ्यायचा. एवढी पाच मिनिटांची गोष्ट आहे. पण या पाच मिनिटांवरून आमच्याकडे काय झालं ते सांगते.

आमचं गॅरेज जुन्या मुंबई-पुणे रस्त्याला. पनवेल म्हणजे नाक्याचं गाव. इथून एक रस्ता पुण्याला, एक गोव्याला, एक उरणला. द्रुतगती मार्ग २००२ साली पूर्ण झाला. त्याआधी घाटात तापलेली, क्लच जाळून आलेली निम्मी वाहनं पनवेलच्या गॅरेजांत विसाव्याला यायची. तेव्हा मुख्य गाडी म्हणजे पद्मिनी. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात बनायची. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली, तेव्हा पेपरात फोटो पाहून मला घरातलं माणूस गेल्यासारखं वाटलं. तिची हाडं न् हाडं मला ठाऊक होती.

१९८९ चा जुलै. पाऊस कोसळत होता. एका पद्मिनीचं इंजिन बोअरिंग करून आलेलं. गिऱ्हाईक बाकावर बसलेलं, दर दहा मिनिटांनी घड्याळ बघत होतं. आमचे उस्ताद हाताने हुशार, पण त्या दिवशी घाईत होते. थाळी नजरेनेच मध्यावर धरली आणि बोल्ट कसले. इंजिन चेन कुप्पीला टांगलं आणि गिअरबॉक्सच्या तोंडाशी आणलं. शाफ्ट थाळीत शिरला, पण झाकण आणि इंजिन यांच्यात बोटभर फट राहिली. हलवलं, ढकललं, फट जाईना. उस्ताद म्हणाले, ‘‘बोल्ट लावा आणि कसा. येईल ओढत.’’

मी खाली होते. फटीत बोट घालून बघत होते. वरच्या बाजूला बोट जात होतं, खाली नख जेमतेम. मी म्हटलं, ‘‘उस्ताद, फट सारखी नाही. आत काहीतरी अडलंय.’’ त्यावर ते जे म्हणाले ते तुम्ही सगळ्यांनी कधी ना कधी ऐकलेलं आहे. माझ्याकडे न बघता पोरांना म्हणाले, ‘‘कसा रे! हातात बांगड्या भरल्यात का?’’

पोरांनी कसलं. ‘टक्’ असा आवाज आला. हाउसिंगचा एक कान तडकला होता.

मग गॅरेजात शांतता. पावसाचा आवाज तेवढा. आणि मग पहिलं वाक्य कोणतं आलं असेल? ‘‘तरी म्हटलं होतं, बाईचा हात नको लावू देऊ.’’ माझा हात फक्त फटीत होता! पण दोष माझ्या वाट्याला आला. बाबा मालक, त्यांनी सगळं पाहिलं होतं. ते काही बोलले नाहीत. त्याचं मला त्या शब्दांपेक्षा जास्त लागलं.

रात्री सगळे गेल्यावर मी चेन कुप्पीने इंजिन मागे घेतलं. प्रेशर प्लेट सैल केली. थाळी चांगली बोराएवढी खाली उतरलेली होती. तिचा मधला भागही बोल्टांच्या ओढीने वाकला होता. बाबा जेवून परत आले, कंदील धरून उभे राहिले. लाइट गेलेली होती. मी थाळी त्यांच्या हातात दिली. त्यांनी बोटं फिरवली आणि म्हणाले, ‘‘उद्या कुर्ल्याच्या भंगारातून हाउसिंग आणतो. जोडणी तू कर.’’

दुसऱ्या दिवशी जोडताना मी काय केलं? कासार बांगडी भरतो ते आठवलं. लहानपणी आमच्याकडे कासार यायचा. आईचा हात कामाने राठ झालेला. बांगडी काचेची, मापाला घट्ट. त्याने कधी जोर लावला का? जोर लावला तर बांगडी फुटणार आणि हात कापणार. तो हात दाबून मऊ करतो, अंगठा आत वळवतो, बांगडी किंचित तिरकी धरतो, फिरवतो, आणि ती सांध्यावरून कधी सरकली ते आपल्याला कळतही नाही. शाफ्ट अगदी तसाच बसवायचा. गिअरबॉक्स गिअरमध्ये टाकायचा आणि त्याची मागची बाजू हाताने हळूहळू फिरवायची, म्हणजे दात्यात दाता सापडतो. चारही बाजूंनी फटीत बोट फिरवायचं आणि फट सगळीकडे सारखी येईल असं इंजिन वरखाली करायचं. शेवटची अर्धा इंच फट हातानेच मिटली पाहिजे. बोल्ट लावायचे ते जोडलेलं धरून ठेवायला. ओढून आणायला नव्हे.

त्या दिवशी फट मिटली तेव्हा आवाजसुद्धा झाला नाही. उस्ताद बाकावर चहा पीत होते. त्यांनी पाहिलं. काही दिवसांनी दुसरी गाडी आली तेव्हा मला हाक मारून म्हणाले, ‘‘जरा बोट लावून बघ गं.’’ माफी वगैरे काही नाही. पण एवढं झालं.

तेव्हापासून ‘हातात बांगड्या भरल्यात का’ असं कोणी म्हटलं की मी सांगते, ज्याने कधी भरल्या नाहीत त्यालाच असं वाटतं. एक मात्र सांगून ठेवते. काम करताना मी बांगड्या काढून ठेवते, मंगळसूत्रही. बॅटरीच्या दोन टोकांना धातू लागला तर ठिणगी पडून माणूस भाजतो. पुरुषांनीही अंगठी, कडं काढावं. हा नियम माझ्या गॅरेजात सगळ्यांना आहे.

आता ताकदीचं बोलते, कारण मुख्य आक्षेप तोच असतो. आमच्याकडे पद्धत अशी होती की माणसाने गाडीखाली उताणं झोपायचं, गिअरबॉक्स छातीवर घ्यायचा आणि दोन्ही हातांनी वर ढकलत बसवायचा. याला मर्दानी काम म्हणत. बाबांनी पंचवीस वर्षं ते केलं. पन्नाशीत त्यांना चपला घालायला वाकता येत नव्हतं. मणके गेले होते. शिवाय या पद्धतीत अर्धवट घातलेल्या शाफ्टवर सगळं वजन लोंबकळतं, आणि थाळीचा मधला भाग त्यानेच वाकतो. म्हणजे माणसाची पाठही मोडते आणि गाडीही.

मला ते वजन छातीवर घेणं जमलं नाही. जमलं असतं तर मीही मूर्खासारखं केलं असतं. म्हणून मी सुताराकडून एक लाकडी पाळणा करून घेतला आणि तो चाकाच्या जॅकवर बसवला. गिअरबॉक्स पाळण्यात ठेवायचा, जॅकने हवा तेवढा वर घ्यायचा आणि फक्त दिशा द्यायची. आधी पोरं हसली. महिन्याभरात सगळे तोच वापरू लागले. बाईला जमेल अशी पद्धत काढली की पुरुषाची पाठसुद्धा वाचते. हा मुद्दा आपण सभांमधून मांडला पाहिजे असं मला वाटतं.

आपल्या एका वकील मैत्रिणीने मला १९४८ च्या कारखाने कायद्याचं कलम २२ वाचून दाखवलं होतं. मूळ शक्तियंत्र आणि शक्ती वाहून नेणारी यंत्रणा चालू असताना तिला तेल देणं, ती साफ करणं, जुळवणं हे काम स्त्रीला देऊ नये, असं त्यात होतं. तिथला अर्थ कारखान्यातल्या शाफ्ट-पट्ट्यांचा, गाडीच्या गिअरबॉक्सचा नाही. आमच्या गॅरेजला तो कायदा लागूही नव्हता, दहा माणसं कुठे होती? पण ऐकून मी चकित झाले. इंजिन आणि ट्रान्समिशन, नेमकं माझंच काम! फिरत्या पट्ट्यात पदर, केस अडकून जीव जातो हे खरं आहे. पण त्याच कलमात पुरुषासाठी काय होतं? चालू यंत्रणा तपासायची तर खास शिकवलेला प्रौढ पुरुष कामगार हवा, त्याने अंगाबरोबर बसणारे कपडे घालावेत, आणि ते कारखान्याने पुरवावेत! म्हणजे पुरुषाला शिक्षण आणि कपडे, बाईला मनाई. तेच शिक्षण आणि तेच कपडे बाईला द्यावेत असं कोणाच्या मनात आलं नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून तो कायदा जाऊन नवी श्रमसंहिता लागू झाली. स्त्रियांना सर्व प्रकारच्या कामांवर घेता येईल, रात्री सातनंतर आणि पहाटे सहाच्या आधी काम असेल तर तिची संमती लागेल, असं तीत म्हटलं आहे. कागदावर झालं. पण ‘संमती’ कोण कशी घेतं यावर आपल्याला लक्ष ठेवावं लागेल. नोकरी जाईल या भीतीने दिलेली संमतीसुद्धा बोल्टाने ओढलेलीच असते.

आधी वाट करून दिलेल्या बायकांची आठवण ठेवते. १९७४ साली टेल्कोच्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नये असं छापलं होतं. सुधा कुलकर्णी, म्हणजे आताच्या सुधा मूर्ती, यांनी थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहिलं आणि त्या तिथे इंजिनिअर म्हणून लागल्या. आपल्या साताऱ्याच्या सुरेखा यादव आशियातल्या पहिल्या महिला रेल्वेचालक झाल्या. ही नावं सगळ्यांना माहीत आहेत. पण गॅरेजात, वर्कशॉपमध्ये बिननावाने काम करणाऱ्या बायका कितीतरी आहेत. त्यांच्याबद्दल आता बोलते, म्हणजे माझ्याबद्दलच.

आमच्या गॅरेजच्या पाटीवर बाबांचं आडनाव आणि पुढे ‘अँड सन्स’ असं रंगवलेलं होतं. सन एकच, माझा धाकटा भाऊ. त्याला ग्रीसचा वास सहन होत नसे. तो शिकला, मुंबईला नोकरीला लागला, चांगलं झालं. काम मी करत होते. १९९३ साली पनवेलमध्येच लग्न झालं, तरी सकाळी नऊला मी गॅरेजात असायची. पगार? उस्तादांना पगार, पोरांना पगार, मला सणाला साडी. घरचीच मुलगी, तिला काय पगार! मीही मागितला नाही, हे कबूल करते. आपण घरातलं काम मोजत नाही, तसंच मी गॅरेजातलं काम मोजलं नाही. सतरा वर्षं.

२००३ साली बाबा गेले. तेराव्यानंतर आठवड्याने भाऊ कागद घेऊन आला. हक्कसोडपत्र. ‘‘ताई, एक सही कर, मग दुय्यम निबंधकाकडे जाऊन येऊ. सगळ्या बहिणी करतात. गाळा माझ्या नावावर झाला की तू हवं तर काम कर तिथे.’’ आई पदर तोंडाला लावून बसली होती. मामा म्हणाले, ‘‘भावाशी वाकडेपणा नको, माहेर तुटेल.’’ मी पेन हातात घेतलं होतं, मैत्रिणींनो. खोटं सांगत नाही. आणि मला तो १९८९ चा दिवस आठवला. फट सारखी नव्हती. सगळे म्हणत होते, कसा, येईल ओढत.

मी पेन खाली ठेवलं आणि म्हटलं, मला महिनाभर द्या.

त्या महिन्यात मी तुमच्यासारख्याच एका गटाच्या सल्लाकेंद्रात गेले. तिथे कळलं ते इथे बसलेल्या प्रत्येकीने लक्षात ठेवावं. गाळा बाबांनी स्वतःच्या कमाईतून घेतलेला, मृत्युपत्र केलेलं नव्हतं. अशा मिळकतीत विधवा, मुलगे आणि मुली यांना सारखा वाटा, असं १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यातच आहे. आमच्यात आजी आधीच गेलेली होती, म्हणून आई, भाऊ, मी, असे तीन सारखे हिस्से. अनेकींना वाटतं मुलींना हक्क २००५ साली मिळाला. ती दुरुस्ती वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मिळकतीबद्दल आहे. वडिलांच्या स्वतःच्या मिळकतीत मुलीचा वाटा १९५६ पासून आहे, लग्न झालेलं असो वा नसो. आणि हक्कसोड ही आपल्या मर्जीची गोष्ट आहे, रीत नाही.

मी भावाशी भांडले नाही. हिशेब मांडला. त्याचा तिसरा हिस्सा मी सहा वर्षं हप्त्याने विकत घेतला. आईचा हिस्सा आईच्या नावावर राहिला, आणि आई शेवटपर्यंत माझ्याकडे राहिली. पाटी बदलली. आता पाटीवर नुसतं गॅरेजचं नाव आहे आणि खाली प्रोप्रायटर म्हणून माझं. भाऊ भाऊबीजेला येतो. ओवाळून घेतो, ओवाळणी टाकतो, पण जेवायला थांबत नाही. हे दुःख आहे. ते लपवून मी तुम्हाला विजयाची गोष्ट सांगणार नाही. सही न केल्याची किंमत असते. पण सही केली असती तर तिचीही होतीच, फक्त ती मी एकटीने भरली असती आणि कोणाला दिसली नसती.

आता गाड्या बदलल्या. मारुती आठशे आली तेव्हा इंजिन आडवं झालं. गिअरबॉक्स त्याच्या कुशीतच, दोन्ही बाहेर काढून जमिनीवर जोडून एकत्र वर घ्यायची. आता ऑटोमॅटिक येतात. ज्या जुन्या पद्धतीच्या ऑटोमॅटिक आहेत त्यांत थाळी नसते, तेलाने भरलेला टॉर्क कन्व्हर्टर असतो. तो गिअरबॉक्सच्या पंपात फिरवत फिरवत पुरता आत बसवावा लागतो, टप्प्याटप्प्याने आत गेल्याचं हाताला कळतं. जोडणी झाल्यावर, पुढचे बोल्ट लावण्याआधी, तो हाताने मोकळा फिरला पाहिजे. तसाच कसला तर पंप फुटतो आणि गिऱ्हाइकाचे हजारो रुपये जातात. गाडी नवी, पण नियम तोच.

माझ्याकडे सध्या दोन मुली शिकताहेत. आयटीआय झालेल्या. त्या आल्या तेव्हा मी पहिल्यांदा काय केलं? संडास बांधला. सतरा वर्षांची असल्यापासून मी शेजारच्या खानावळीच्या मालकिणीच्या मेहरबानीवर दिवस काढले. दिवसभर पाणी प्यायचं नाही, ही माझी युक्ती होती. तिचे परिणाम डॉक्टरांकडे भोगले. ‘मुली या धंद्यात टिकत नाहीत’ असं गॅरेजवाले म्हणतात, त्यांना मी विचारते, तुमच्याकडे संडास आहे का? कडी लागते का? मापाचे कपडे, मापाचे बूट दिलेत का? पगार पोरांइतकाच देता का? एवढं करा, मग टिकतात का नाही ते बघू.

त्या मुलींना मी पहिल्या महिन्यात बोल्ट कसू देत नाही. फट बघायला लावते. डोळे मिटून, बोटाने, चारही बाजूंनी. वायर मध्ये चिमटली नाही ना, ठोकळ्याच्या दोन्ही खुंट्या आपापल्या भोकात आहेत ना, मागचं तेलाचं सील गळत नाही ना. हे आत्ताच बघायचं, जोडल्यावर पुन्हा सगळं उतरवावं लागतं. आणि शंका आली तर मोठ्याने म्हणायचं, ‘‘थांबा, फट सारखी नाही.’’ समोर उस्ताद असो, मालक असो, मी असो. परवा त्यातली एक मला म्हणाली, ‘‘मावशी, थांबा.’’ मी थांबले. तिचं बरोबर होतं. सेल्फची वायर मध्ये आली होती.

थाळी फिरून परत आली का? कोणाकडे राहिली असेल तर द्या, ती उद्या एका गाडीत बसवायची आहे. आणि ज्यांच्या मुलींना बघायचं असेल त्यांनी त्यांना शनिवारी दुपारी गॅरेजवर पाठवा. जुने कपडे घालून, केस बांधून.

एवढं बोलून थांबते.